डोक्याची जखम भरली, पण अभ्यासाचे काय?

आठवीतला एक मुलगा तीन महिन्यांनी शाळेत परत आला. ईदच्या खरेदीसाठी मोठ्या भावाच्या मागे मोटारसायकलवर बसून निघाला होता. वाटेत अपघात झाला आणि डोक्याला जबर मार लागला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला. टाके निघाले, केस वाढले, चालणे-बोलणे पूर्वीसारखे झाले. मुलगा बरा झाला, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो.

वर्गात मात्र वेगळेच दिसू लागले. फळ्यावरचे उतरवून घेताना तो मागे पडे. सकाळी शिकवलेले दुपारी विसरे. चौथ्या तासाला बाकावर डोके टेकवी. कुणी थट्टा केली तर अंगावर धावून जाई. आम्ही त्याला रागावलो, एकदा वर्गाबाहेरही उभे केले.

मग त्याची अम्मी भेटायला आली. म्हणाली, "सर, लहानपणी पाठ केलेल्या सूरा अजून न अडखळता म्हणतो. मग कालची कविता कशी आठवत नाही? त्याचे अब्बा म्हणतात, अभ्यास टाळायला नाटक करतो." खरे सांगायचे तर आम्हालाही तेच वाटत होते.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आमचा गैरसमज दूर केला. मेंदूला मार लागल्यावर जुने, पक्के झालेले ज्ञान पुष्कळदा टिकून राहते. अडचण येते ती नवे लक्षात ठेवताना. मेंदूचा पुढचा भाग दुखावला तर लक्ष एकाग्र करणे, कामाचा क्रम लावणे आणि राग आवरणे कठीण जाते. विचार करायला वेळ लागतो, थकवा लवकर येतो. यातले काहीच बाहेरून दिसत नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसते, मेंदूला प्लास्टर नसते. काही अडचणी तर पुढे, वरच्या वर्गात अभ्यास वाढल्यावर उघड होतात. म्हणून अपघात जुना असला तरी नव्या शिक्षकांना तो सांगावा.

त्यानंतर आम्ही काही बदल केले. पहिले काही आठवडे त्याला अर्धा दिवसच शाळेत बोलावले आणि अवघड विषय सकाळच्या तासांना घेतले. खिडकी व दारापासून दूर, पुढच्या बाकावर बसवले. एका वेळी एकच सूचना द्यायची आणि ती वहीत लिहायला लावायची. फळा उतरवण्याऐवजी मित्राच्या वहीची झेरॉक्स दिली. थकला की दहा मिनिटे शांत खोलीत बसण्याची मुभा दिली. पाठांतराची पद्धतही बदलली. "आठव, आठव" म्हणून अंदाज करायला लावले की चुकीचे उत्तरच डोक्यात बसते. म्हणून आधी बरोबर उत्तर सांगायचे, लगेच म्हणवून घ्यायचे, मग थोड्या वेळाने, मग दुसऱ्या दिवशी. मक्तबमध्ये सबक आणि आमुख्ता यांची सांगड घालतात, तसेच हे.

घरच्यांनीही हातभार लावला. अम्मीने दिवसाचे वेळापत्रक भिंतीवर लावले. नमाजच्या वेळांभोवती अभ्यास, झोप आणि औषध बसवले. रात्रीचा मोबाइल बंद केला. भावंडांशी तुलना थांबली. फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही, हे सर्वांनी ध्यानात ठेवले. रमजान आला तेव्हा त्याने रोजे धरण्याचा हट्ट केला. आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे, हे मौलानांनी त्याला प्रेमाने समजावले. नजर लागली म्हणून दुआ जरूर करावी, पण दवाखाना सोडू नये.

डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत क्रिकेट, कबड्डी आणि सायकल बंद ठेवावी, कारण बरे होत असलेल्या मेंदूला दुसरा मार अधिक घातक ठरू शकतो. डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलट्या होणे, गुंगी किंवा फिट येणे यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे.

परीक्षेबाबतही माहिती हवी. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यांत 'मेंदूची दुखापत' असा स्वतंत्र प्रकार नाही; मागे राहिलेल्या अडचणी पाहून प्रमाणपत्र मिळू शकते. त्याच्या आधारे दहावी-बारावीला जादा वेळ किंवा लेखनिक यांसारख्या सवलतींसाठी शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज करता येतो. ही कागदपत्रे नववीतच गोळा करावीत. प्रमाणपत्राला लाज कसली? तो मुलाचा हक्क आहे.

आणि पालकांनो, चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. मशीद जवळ आहे, बाजार जवळ आहे, असे म्हणून मुलांना उघड्या डोक्याने मागे बसवू नका.

तो मुलगा आता नववीत आहे. पूर्वीसारखा पहिल्या पाचांत येत नाही. पण खिशात छोटी डायरी ठेवतो आणि विसरले की न लाजता उघडून पाहतो. वर्गाबाहेर उभे केल्याबद्दल आम्ही त्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "सर, मला ते आठवतच नाही." आम्हाला मात्र ते आठवत राहील. मुले ही आपल्याकडची अमानत आहेत. आळशी ठरवण्याआधी त्यांच्या अडचणीचे कारण शोधणे आपले काम आहे.