रुखवतातली गाडी

आमच्या दादाने आयुष्यात दोन गोष्टींची वाट पाहिली. एक स्कूटरची आणि दुसरी एका इंजिनाची. स्कूटर मिळाली. बजाजचा कारखाना आकुर्डीला, आमचे बिऱ्हाड चिंचवडला, म्हणजे सायकलने जाण्याइतके अंतर. तरी सत्तरच्या दशकात तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे बसावे लागे. आजच्या मुलांना हे सांगितले की ती हसतात. दादा हसत नाही. तो म्हणतो, ''नंबर लागायचा तरी. यादीत नाव असायचं.''

दुसऱ्या वाटेची गोष्ट २०१७च्या ७ मार्चला सुरू झाली. मंगळवार होता. मी संध्याकाळी दादाकडे चहाला गेलो होतो. एवढ्यात माझा पुतण्या कामावरून आला आणि बूट न काढताच त्याने मोबाइल बापापुढे धरला. ''बाबा, टाटांनी स्पोर्ट्‌स कार काढली. जिनिव्हात आज दाखवली!''

गाडीचे नाव रेसमो. दोन माणसांची, जेमतेम पावणेचार मीटर लांब आणि फुलपाखराच्या पंखांसारखे वर उघडणारे दरवाजे. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाल्या, ''साडी नेसून बाई आत कशी बसायची?'' प्रश्न रास्त होता, पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. दादाने दरवाज्यांकडेही लक्ष दिले नाही. त्याने एवढेच विचारले, ''इंजिन काय आहे?''

''बाराशे सीसी. तीन सिलिंडर. टर्बो. एकशे नव्वद हॉर्सपॉवर.''

दादाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ''बाराशेत एकशे नव्वद? परत वाच.''

त्याचे चकित होणे समजून घ्यायचे तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. दादा पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका इंजिन कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. दुसरे असे, की आमच्या पिढीला परवडणाऱ्या गाड्यांची ताकद आम्हाला तोंडपाठ होती. प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे आणि तिची ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. त्या चाळीस घोड्यांवर पाच माणसे, दोन ट्रंका आणि लोणच्याची बरणी घेऊन आम्ही खंबाटकी चढलो आहोत. वर पोचल्यावर बॉनेट उघडून पाणीही घातले आहे. जवळजवळ तेवढ्याच इंजिनातून आता जवळपास पाच पद्मिनींची ताकद निघणार होती.

ही किमया टर्बोची. ज्या वाचकांनी चूल पाहिली आहे त्यांना ती लगेच समजेल. लाकडे ओली असली की आजी फुंकणी घेऊन बसे. फुंकर मारली की जाळ उसळे, कारण जाळाला हवा मिळे. इंजिनाचेही तेच आहे. जास्त हवा कोंबली तर त्या मानाने जास्त इंधन जाळता येते आणि तेवढ्याच सिलिंडरातून जास्त ताकद निघते. आता अशी कल्पना करा की चुलीच्या धुरानेच एक चक्र फिरते आहे आणि तेच चक्र फुंकणी फुंकते आहे. हाच टर्बोचार्जर. एरवी वाया जाणाऱ्या गरम वायूवर त्याचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनियरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

फुंकणीचे दोन दोष मात्र यातही आहेत. पहिला म्हणजे विलंब. पाय दाबला की धूर वाढणार, मग चक्र वेग घेणार, मग हवा येणार. तोवर क्षणभर गाडी हाकेला ओ देत नाही. दुसरा दोष उष्णतेचा. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर नावाची टर्बो गाडी निघाली, तेव्हा इंजिन ठोकू नये म्हणून तिच्यात एक खास द्राव भरावा लागे. मालक तो भरायचे विसरत. शेवटी पुष्कळ गाड्यांचे टर्बो कंपनीला काढून टाकावे लागले. पोर्शने १९७५च्या सुमारास ९११ टर्बो विकायला काढली आणि मगच खेळाच्या गाडीत या यंत्राला मान मिळाला.

दादाला टर्बो नवा नव्हता. पुणे हे इंजिनांचे गाव आहे हे आपण पुणेकर विसरतो. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ सालापासून. कोथरूडला कमिन्सची इंजिने १९६२पासून. गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था तर १९६६पासून वेताळ टेकडीच्या अंगावर बसली आहे; आपण सकाळी तिच्या कुंपणाशेजारून फिरायला जातो. पण इथला टर्बो राबायचा जनरेटरवर आणि ट्रकमध्ये. १९९७ साली टाटांच्या सिएरा गाडीला डिझेलचा टर्बो मिळाला, तेव्हा दादा फक्त तिचा आवाज ऐकायला कर्वे रस्त्यावर उभा राहिला होता. मौजेसाठी, नुसत्या मौजेसाठी बनवलेले पुण्याच्या कंपनीचे इंजिन त्याने कधी पाहिले नव्हते. रेसमोचा आराखडा कंपनीच्या तुरिनच्या स्टुडिओतला होता. इंजिन मात्र आपल्याकडच्या रेव्होट्रॉन घराण्यातले. ''हे मी चालवणार,'' दादा म्हणाला. तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता. ''एकदाच. दिवे घाटात.''

पुतण्याने त्याच दिवशी मनाशी ठरवले, की गाडी घ्यायची तर हीच.

त्यानंतरच्या रविवारी तो मला त्याच्या मित्रमंडळींत घेऊन गेला. ही मंडळी रविवारी पहाटे जुन्या मुंबई रस्त्याने कामशेतपर्यंत जातात, वडापाव खातात, गाड्यांची बॉनेटे उघडून उभी राहतात आणि नऊच्या आत घरी परततात. कारण नऊनंतर प्रत्येकाला भाजी आणायची असते. एकाची जुनी पालिओ, दोघांची चाकणला तयार झालेली पोलो जीटी. कॅम्पातले एक पारशी गृहस्थ फियाट अकराशे घेऊन येत.

त्या दिवशी जो वाद झाला तो एखाद्या गायनाच्या बैठकीनंतर व्हावा तसा होता. एका तरुणाला सगळा राग गिअरबॉक्सचा होता. सहा गिअर, पण क्लच यंत्राने दाबायचा. तो म्हणाला, ''हे म्हणजे भीमसेनजींना बोलावून माइक बंद ठेवण्यासारखं आहे.'' दुसऱ्याला पाठीमागे ठेवलेल्या इंजिनाची काळजी. जिनिव्हाच्या थंडीत ठीक आहे, एप्रिलमध्ये आपल्या घाटात तीन सिलिंडरांतून एकशे नव्वदची उष्णता कुठून बाहेर काढणार? शंका खरी होती. प्रदर्शनात गाडी दिव्यांखाली उभी असते. विकायची गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहते, भेसळीचे पेट्रोल पिते आणि लाख किलोमीटरनंतरही पहिल्या फटक्यात सुरू व्हावी अशी तिच्याकडून अपेक्षा असते. या दोहोंमध्ये काही वर्षांची तपासणी असते. ती कोणाला दिसत नाही.

तिसरा एक जण गप्प होता. त्याला अवंती आठवत होती. दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत जानेवारी २०१२ मध्ये दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने ती मोठ्या थाटात दाखवली. प्रत्यक्ष रस्त्यावर यायला २०१५ उजाडले, आणि आतले दोन लिटरचे टर्बो इंजिन होते रेनोचे. ''कातडं आपलं, काळीज परक्याचं,'' तो म्हणाला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा तो बोलत होता.

फियाटवाले गृहस्थ शेवटी म्हणाले, ''अरे, येल तवा येल. वडा थंड होते.''

गाडी आली नाही. २०१७च्या अखेरीस प्रकल्प बाजूला ठेवल्याच्या बातम्या आल्या. २०१८च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात ती पुन्हा दिसली, सोबत विजेवर चालणारे भावंडही होते, म्हणून आशा चाळवली. पण विक्रीची तारीख नाही, किंमत नाही. पुतण्याने मात्र धीर सोडला नाही. त्याचे लग्न झाले, मुलगी झाली; बारशाला पाहुणे आणायला रिक्षा धावत होत्या. घरात कोणी गाडीचे नाव काढले की तो म्हणे, ''थोडं थांबा.'' एकदा वहिनींचा संयम सुटला. ''अरे, ती गाडी रुखवतातली आहे. बघायची, नावाजायची. लाडू म्हणून खायला गेलास तर दात पडतील.''

मी याबाबतीत कंपनीला दोष देऊ शकत नाही, आणि हे बोललो म्हणून पुतण्या माझ्याशी पंधरा दिवस बोलला नव्हता. त्या वर्षांत टाटांचा प्रवासी गाड्यांचा धंदा तोट्यात होता. वर सरकारने २०१६ सालीच ठरवून टाकले होते, की १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ वरून थेट बीएस-६. म्हणजे प्रत्येक इंजिनाची धुराची तपासणी नव्याने. पैसा आणि माणसे मोजकी असताना ती दोन माणसांच्या खेळण्यावर लावायची की पाच माणसांच्या गाडीवर? घर चालवणाऱ्या कोणालाही उत्तर विचारा. पण दादाचे म्हणणे निराळे होते, आणि ते माझ्या मनातून जात नाही. तो म्हणे, ''विकू नका. पण एकदा एवढं ताणलेलं इंजिन टिकवून दाखवलं असतं, तर हात तयार झाले असते. हातांना कठीण काम लागतं.''

या सगळ्यात एक गंमत आमच्या लक्षातच आली नाही. ज्याची वाट पाहत होतो ते इंजिन मागच्या दाराने घरोघर शिरत होते. टाटांचे पेट्रोल टर्बो तसे २०१४ सालीच झेस्टमध्ये आले होते, नव्वद हॉर्सपॉवरचे. सप्टेंबर २०१७ मध्ये नेक्सॉन निघाली, रांजणगावची. तिचे इंजिनही बाराशेचे, तीन सिलिंडरांचे, टर्बोचे. फक्त ताकद एकशे दहा. २०१८ मध्ये कोइमतूरच्या जयेम कंपनीबरोबर काढलेल्या टियागो जेटीपीत एकशे चौदा झाली. कामशेतच्या मंडळींपैकी एकाने ती लगोलग घेतली. ती भागीदारीही पुढे दोन वर्षांत मोडली. अल्ट्रोझ जानेवारी २०२० मध्ये टर्बोशिवाय आली, तेव्हा रविवारी वडे घशाखाली उतरले नाहीत. टर्बो मिळायला वर्ष गेले. तिची रेसर आवृत्ती जून २०२४ मध्ये निघाली, एकशे वीसची. एकशे नव्वद काही कुठे दिसले नाहीत.

मधल्या काळात दादाला काचबिंदू झाला. निदान उशिरा झाले. आधी रात्रीची स्कूटर बंद झाली, मग दिवसाची, आणि २०२१च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की आता हातात हँडल घ्यायचे नाही. त्याने लायसन्स पाकिटातून काढून देवघराच्या खणात ठेवले. घरी आल्यावर पुतण्या बराच वेळ गॅलरीत उभा होता. त्या दसऱ्याला त्याने नेक्सॉन आणली. एकशे वीस हॉर्सपॉवर, दारे नेहमीसारखी बाजूला उघडणारी. वहिनींनी चाकाखाली लिंबू ठेवले.

पहिली फेरी जेजुरीची ठरली. हडपसर सुटले, दिवे घाट लागला. वहिनी, सून आणि नात मागे, मी त्यांच्यात दाटीने, आणि दादा पुढे पुतण्याशेजारी. समोर एक उसाचा ट्रक होता. बराच वेळ आम्ही त्याच्या मागे रखडत होतो. दादाला रस्ता नीट दिसत नव्हता. त्याने उजवा तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवला होता, जसा तो पूर्वी चालू इंजिनावर ठेवत असे.

''तिसऱ्यात घे,'' तो म्हणाला. ''आता नाही... थांब. चक्र फिरू दे. दोन हजार होऊ देत.''

''बाबा, ट्रक...''

''ट्रक मला ऐकू येतोय. आता. आता दाब.''