ढग कोणी पळवले?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातले सूर्यमाळ हे थंड हवेसाठी ओळखले जाते. तेथील वर्गात ‘पृथ्वी तापत आहे’ ही बातमी वाचली, तर एखादा विद्यार्थी सहज विचारील, “मग आमच्याकडे हिवाळ्यात एवढी थंडी कशी?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हवामानबदल आणि स्वच्छ ऊर्जा यांच्या बातम्या ऐकून लोक जे बोलतात, त्यात बहुधा एक खरे निरीक्षण असते आणि त्यावरून घाईने काढलेला एक निष्कर्ष असतो. या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या, हे आपण तीन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण थंडीचेच. उंचावर जाताना हवेचे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. शिवाय हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकते. ही कारणे पूर्वी होती, आजही आहेत. तापमानवाढीमुळे ती नाहीशी होत नाहीत. वाढ दिसते ती अनेक वर्षांच्या सरासरीत. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. पहाट आणि दुपार यांतच दहा-पंधरा अंशांचा फरक असतो. तेव्हा ही वाढ अंगाला जाणवणार नाही, ती नोंदवहीतच सापडेल. थंडी पडते हे निरीक्षण खरे. म्हणून पृथ्वी तापत नाही, हा निष्कर्ष चुकीचा.

दुसरे उदाहरण सातारा-सांगलीकडचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून साताऱ्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी येथील पठारांवर आणि पुढे सांगलीत ढालगाव परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पाठोपाठ २००३ च्या सुमारास दुष्काळाची वर्षे आली. ‘पवनचक्क्यांनी ढग पळवले’ असे लोक बोलू लागले आणि त्यावरून विरोधही झाला. पाऊस कमी झाला हे खरे होते. पवनचक्क्या नव्या होत्या हेही खरे होते. पण दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही.

येथे पंख्याशी असलेले साम्य फसवते. पंखा वीज घेऊन वारा देतो. पवनचक्की वारा घेऊन वीज देते. ती ढग ढकलू शकत नाही, आपल्यामागचा वारा थोडा मंद करते एवढेच. तिची पाती जमिनीपासून शंभरएक मीटरपर्यंत पोचतात, तर पावसाच्या ढगांची जाडी किलोमीटरमध्ये मोजावी लागते. घाटमाथ्यावर ढग पात्यांना लागताना दिसतात खरे, पण तो मोठ्या थराचा तळचा भाग असतो.

आता पडताळा घेऊ. पवनचक्क्या नसताना दुष्काळ पडला होता का? १९७२ चा दुष्काळ सर्वांना ठाऊक आहे. माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने पूर्वापार कोरडे आहेत. आणि पवनचक्क्या असताना भरपूर पाऊस झाला का? २००५ आणि २०१९ साली घाटमाथ्यावर इतका पाऊस पडला की कृष्णेच्या पुराने सांगली बुडाली. पवनचक्क्या तेव्हा जागच्या जागीच होत्या.

अशा अफवेने आणखी एक नुकसान होते. जमिनीला मोल काय मिळाले, तयार होणारी वीज कोणाकडे जाते, हे प्रश्न रास्त असतात. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात वनजमिनीवरील पवनचक्क्यांबाबत आदिवासींनी असाच हक्काचा प्रश्न मांडला होता. ढगांच्या गोष्टीत असे खरे प्रश्न झाकले जातात.

तिसऱ्या उदाहरणासाठी पुन्हा मोखाड्यात येऊ. येथे पावसाळ्यात सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. खडक काळा, उतार तीव्र. पाणी मुरत नाही, वैतरणेकडे वाहून जाते. वैतरणेवरील धरणांतून ते मुंबईला पोचते. दरीतले पाणी पाड्यावर चढवण्यासाठी या भागात सौरपंप बसू लागले. अशी बातमी आली की प्रतिक्रिया ठरलेली: ‘आता पाण्याचा प्रश्न सुटला!’

थोडा हिशेब करू. १०,००० लिटर पाणी १०० मीटर वर चढवायचे आहे. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की ९८ लाख ज्यूल, म्हणजे सुमारे २.७ युनिट ऊर्जा येते. पंप आणि नळ यांत निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले, तर साडेपाच युनिट लागतील. एक किलोवॉटच्या सौरपट्ट्या चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट देतात. म्हणजे दीड किलोवॉट पुरे. एवढेच पाणी पंधरा लिटरच्या हंड्याने आणायचे तर साडेसहाशेहून अधिक खेपा होतात, आणि त्या बहुतेक बायकांच्या व मुलींच्या डोक्यावरून होतात. शिवाय पाण्याची गरज मार्च ते मेमध्ये सर्वांत जास्त, आणि ऊनही तेव्हाच कडक. तेव्हा आनंद होणे योग्यच आहे.

पण पंप पाणी चढवतो, निर्माण करीत नाही. एप्रिलमध्ये झरा आटला तर भर उन्हात पट्ट्या नुसत्याच तापत राहतील. म्हणून बातमी ऐकल्यावर पुढचे प्रश्न विचारायला हवेत: झऱ्याला मे महिन्यात पाणी किती असते? ते टिकावे म्हणून वरच्या उतारावर पाणी मुरवण्याचे काय काम झाले? पंप बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, आणि पैसे कुठून येणार?

आपल्या वर्गात हे करून पाहता येईल. फळ्यावर ऊर्जेची किंवा हवामानाची एक बातमी लिहा आणि घरची माणसे त्यावर काय म्हणाली ते मुलांकडून लिहून घ्या. प्रत्येक वाक्यासमोर तीन रकाने आखा: काय दिसले, त्यावरून काय मानले, ते कसे तपासता येईल. तिसरा रकाना भरताना मुलांना झऱ्यापर्यंत, विहिरीपर्यंत आणि पर्जन्यमापकापर्यंत जावे लागेल. विज्ञानाचा तास तेथूनच सुरू होतो.