डोंगल, कोटेशन आणि ग्रामसभा

परंडा तालुक्यातलं सोनारी म्हटलं की काळभैरवनाथाचं देऊळ, चैत्रातली यात्रा आणि देवळाच्या आवारात माणसांइतक्याच हक्कानं वावरणारी माकडं आठवतात. यात्रेच्या गावाला दिवे लागतात, ध्वनिक्षेपक लागतो, गर्दीवर लक्ष ठेवायला कॅमेरे लागतात. माकडांच्या गावात कॅमेऱ्याची केबल टाकायची तर पहिला प्रश्न हाच, की ती ओढली, तुटली तर दुरुस्ती कुणाच्या खर्चानं? बाहेरून झालेलं नुकसान हमीपत्रात सहसा धरलेलं नसतं. त्यामुळे ही अट आधीच लिहून घ्यावी लागते. हे सांगायला संगणकाची पदवी लागत नाही. सोनारीतली कुठलीही आजी हा प्रश्न विचारू शकेल. पण ग्रामसभेत कॅमेरे, संगणक, सॉफ्टवेअर असला विषय निघाला की माणसं गप्प बसतात. रस्त्याच्या खडीवर तासभर भांडणारं गाव संगणकाच्या बिलावर दोन मिनिटांत ‘मंजूर’ म्हणतं. या गप्प बसण्यामागे काही पक्क्या समजुती आहेत. त्या मी परंड्यापासून भूमपर्यंत बऱ्याच पारांवर ऐकल्या आहेत.

‘वरून आलेला पैसा, वरूनच कापला’

ही सगळ्यात जुनी समजूत आहे आणि तिनं नुकसानही सगळ्यात जास्त केलंय.

वित्त आयोगाचा निधी ही कुणा साहेबांनी केलेली मेहेरबानी नाही. पंचायतींच्या उत्पन्नाला हातभार लावण्याचे उपाय सुचवणं हे केंद्रीय वित्त आयोगाचं काम आहे, असं संविधानाच्या कलम २८० मध्येच लिहिलंय. चौदाव्या वित्त आयोगाचा (२०१५ ते २०२०) निधी तर थेट ग्रामपंचायतींसाठीच होता. पंधराव्यात ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के, अशी वाटणी राज्यानं केली. म्हणजे हा पैसा गावाचा आहे.

आता याच पैशातून संगणकावर काय खर्च झाला ते पाहा. २०११ मध्ये राज्यात ‘संग्राम’ प्रकल्प आला. काम होतं महाऑनलाइनकडे, म्हणजे राज्य सरकार आणि टीसीएस यांच्या संयुक्त कंपनीकडे. तो संपल्यावर ११ ऑगस्ट २०१६ च्या शासन निर्णयानं ‘आपले सरकार सेवा केंद्र’ सुरू झालं आणि काम सीएससी एसपीव्ही या कंपनीकडे गेलं. ग्रामपंचायतीनं द्यायची रक्कम ठरली दरमहा १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ४७ हजार ९७२. त्यात संगणक परिचालकाचं मानधन, सॉफ्टवेअर, स्टेशनरी, देखभाल असं सगळं धरलं होतं. परिचालकाच्या हाती त्यातले सहा-सात हजारांच्या आसपास पडत, आणि तेही कित्येकदा महिनोन्‌महिने उशिरा. ही पोरं मुंबईच्या आझाद मैदानावर जाऊन बसली, ती याच गोष्टीसाठी.

बारा हजारांतले सहा-सात हजार माणसाला मिळाले, मग उरलेल्या पैशांत गावाला काय मिळालं? टोनर आला का? प्रिंटर बिघडला तेव्हा कोण आलं? हे प्रश्न विचारायची जागा ग्रामसभा होती. ते फारसे कुठे विचारले गेले नाहीत, कारण ‘वरून ठरलंय’ एवढंच सगळ्यांना माहीत होतं. कंपनी निवडायचा अधिकार गावाला नव्हता, हे मान्य आहे. पण ठरलेली सेवा मिळाली की नाही, याची नोंद ठेवणं आणि मिळाली नाही तर तसा ठराव करून गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवणं गावाच्या हातात होतं, आजही आहे. पाचशे ग्रामपंचायतींतून असे ठराव एका महिन्यात गेले असते तर जिल्हा परिषदेला ते बाजूला ठेवता आले नसते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ग्रामपंचायतीत बसणारा ऑपरेटर पंचायतीचा नोकर आहे, असं लोकांना वाटतं. दाखला मिळाला नाही की लोक त्याच्यावर ओरडतात. तो होता कंपनीच्या करारावरचा माणूस. त्याचा पगार थकला तर तुमचा दाखलाही थकणार, इतकं हे सरळ आहे. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. त्याचा करार मागून वाचा.

‘तीन कोटेशनं घेतली, म्हणजे भाव बरोबर’

खरेदीसाठी राज्याच्या उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका आहे. लहान खरेदीला किमान तीन दरपत्रकं आणि ठरावीक रकमेपुढे ई-निविदा, असा तिचा ढाचा आहे. रकमेच्या मर्यादा पुढच्या शासन निर्णयांनी बदलत जातात, म्हणून चालू निर्णय ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून मागून वाचावा. एक गोष्ट मात्र पक्की आहे. मर्यादा चुकवण्यासाठी एकाच खरेदीचे तुकडे पाडायला मनाई आहे. चार महिन्यांत चार बिलं, प्रत्येक मर्यादेच्या जरा खाली, एकाच दुकानाची, असं दिसलं तर कायद्याचा अभ्यास लागत नाही. नजर लागते.

एका गावात (नाव लिहीत नाही) मी अशा खरेदीची फाइल चाळली होती. तीन लेटरहेड, तीन वेगळे रंग, तीन गावांचे पत्ते. पण तिन्ही कागदांवर ‘कार्ट्रिज’ हा शब्द एकाच पद्धतीनं चुकलेला होता आणि बेरजेखालची दुहेरी रेघही अगदी सारखी होती. तिन्ही दरपत्रकं एकाच संगणकावर बसून केली होती, हे त्यांच्याकडे पाहणाऱ्या कुणालाही कळलं असतं. फाइलवर सही करणाऱ्या सात जणांपैकी एकानंही ती तिन्ही शेजारी-शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

आता ‘जेम’ या सरकारी खरेदी पोर्टलवरून खरेदी होते, म्हणून भावाची काळजी नको, असं म्हणतात. २४ एप्रिल २०२३ ला मध्य प्रदेशातल्या रिवा इथं पंचायतराज दिनी पंचायतींच्या हिशेबाचं ई-ग्रामस्वराज पोर्टल आणि जेम यांची जोडणी सुरू झाली. ही सोय चांगलीच आहे. पण जेम हा बाजार आहे. तिथले भाव विक्रेते लावतात, सरकार ठरवून देत नाही. मागणीत वस्तूचं वर्णनच असं लिहिलं की एकाच कंपनीचं मॉडेल त्यात बसेल, तर पोर्टल ते थांबवत नाही. तेव्हा खरेदीआधी वर्णन कुणी लिहिलं, हा प्रश्न भावाच्याही आधीचा.

‘डोंगल आहे, आता गडबड होऊच शकत नाही’

चेकचे दिवस गेले. वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीतून थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात. त्यासाठी दोन डिजिटल सह्या लागतात, एक ग्रामसेवकाची आणि दुसरी सरपंचाची. एकानं बिल तयार करायचं, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचं. रचना उत्तम आहे.

ती मोडते कुठे? सरपंचाची ही सही ज्यात असते तो डोंगल सरपंचाकडे नसतो. तो ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, ग्रामसेवकाच्या पिशवीत, नाहीतर सरपंचबाईंच्या ‘मालकां’च्या खिशात असतो, आणि पासवर्ड त्यालाच चिकटवलेल्या कागदावर. दोन किल्ल्यांचं कुलूप करून दोन्ही किल्ल्या एकाच खुंटीला अडकवायच्या, असा हा प्रकार आहे. जिथे सरपंच महिला आहे तिथे हे सर्रास दिसतं आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण पुढे वसुली निघाली तर नोटीस तिच्या नावानं येते. डिजिटल सही कायद्यानं तुमचीच सही आहे. ‘मला माहीत नव्हतं’ या उत्तराला तिथे फार किंमत मिळत नाही. ताई, डोंगल घरी न्या, पासवर्ड बदला आणि बिल वाचल्याशिवाय तो कुणाच्या हाती देऊ नका.

‘करार कंपनीचा आहे, तो गुपित असतो’

हे साफ चूक. माहिती अधिकार कायदा, २००५ मधली ‘माहिती’ची व्याख्या कलम २(च) मध्ये आहे आणि तिच्या यादीत ‘करार’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी गुपितांना सूट आहे, पण व्यापक जनहित असेल तर तीही उठते. गावाच्या पैशातून दिलेला दर, कामाची मुदत, दुरुस्तीची अट, दंडाचं कलम ही गुपितं कशी असतील?

अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. झेरॉक्सला पानामागे दोन रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, हे मात्र पाळा. नाहीतर तेवढ्यावरून तो परत येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची.

‘ऑडिट झालंय’

झालं असेलच. स्थानिक निधी लेखापरीक्षा होते आणि तिचं महत्त्व मी कमी करत नाही. पण लेखापरीक्षक मुख्यतः कागद पाहतो. ठराव आहे का, दरपत्रकं आहेत का, बिल आहे का, साठा नोंदवहीत वस्तू चढली का. बिल खरं आहे आणि वस्तूही आली आहे, पण खोक्यातच पडून आहे, हे त्याला अनेकदा दिसत नाही. भारतनेटची इंटरनेटची पेटी भिंतीवर आहे आणि तिचा दिवा वर्षभर लागलेला नाही, हे गावालाच माहीत असतं.

म्हणून लेखापरीक्षणाची टिपणी वाचावी. ती आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे ठेवायची, असं ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ सांगतो. शिवाय नमुना १६ मागावा. ही जडवस्तू संग्रह व जंगम मालमत्तेची नोंदवही. त्यातला एकेक संगणक, प्रिंटर, कॅमेरा, इन्व्हर्टर प्रत्यक्ष कुठे आहे आणि चालू आहे का, एवढं दोन तरुणांनी दुपारभरात फिरून पाहिलं तरी जे कळेल ते शंभर पानी अहवालात कळायचं नाही.

‘सदस्याच्या पोराची एजन्सी, त्यात काय बिघडलं?’

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार पंचायतीच्या कामात किंवा करारात स्वतःचा अथवा भागीदारामार्फत प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. नुसतं नातं पुरत नाही, लाभ दाखवावा लागतो. पण प्रश्न विचारायला नातंही पुरेसं आहे.

‘आपल्याला त्यातलं कळत नाही’

या समजुतीपाशी सगळं येऊन थांबतं. आणि कळत नाही हे कबूल करण्यात लाज नाही. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या महापालिकेनं २०२२ मध्ये हिशेबासाठी ओरॅकलची नवी प्रणाली सुरू केली. मूळ अंदाज सुमारे दोन कोटी पौंडांचा, पुढे तो दहा कोटींच्या घरात गेला. पालिकेला स्वतःचे हिशेब नीट लावता येईनात. सप्टेंबर २०२३ मध्ये तिला नवा खर्च थांबवल्याची नोटीस काढावी लागली. समान वेतनाची थकबाकी हे त्याचं मोठं कारण होतं, पण ही प्रणालीही त्या ओझ्यात होतीच. त्यांच्याकडे तज्ज्ञांची काय कमी होती?

आपला शेतकरी पाणबुडी मोटार घेताना काय करतो? किती फुटांची, कुणी बसवायची, जळली तर वाइंडिंग कोण भरून देणार, सुटे भाग परंड्यात मिळतात की पुण्याहून आणायचे, हे सगळं विचारतो. पैसे अर्धे आता, अर्धे पाणी पडल्यावर. संगणकाच्या कराराला हेच प्रश्न लागतात. फक्त एक जास्तीचा हवा, की पासवर्ड आणि माहिती कुणाच्या ताब्यात राहणार? घरपट्टीची सगळी नोंद कंपनीच्या यंत्रावर असेल आणि करार संपल्यावर ती परत कशी मिळणार हे लिहिलेलं नसेल, तर पुढच्या वर्षी कंपनी मागेल तो भाव द्यावा लागतो. संकेतस्थळ गावाच्या नावानं नोंदवलंय की विक्रेत्याच्या, हेही याच प्रश्नात येतं.

हे विचारायची वेळ खर्चाच्या आधीची. विकास आराखड्याला आणि त्यावरच्या खर्चाला ग्रामसभेची मंजुरी लागते. सभेला शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे हजर हवेत. नाही जमले तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा माणसांत लाखाची खरेदी मंजूर होते, आणि प्रोसिडिंगमध्ये ‘सर्वानुमते’ लिहिलं जातं.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेआधी एक साधा कागद ग्रामसेवकांकडे द्या. विषय लिहा: ‘गेल्या तीन वर्षांतील संगणक, कॅमेरे, दिवे व सॉफ्टवेअर खरेदी, त्यांचे करार आणि नमुना १६ यांचे वाचन.’ खाली सही करा, शेजाऱ्याचीही घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.