सहीचं कार्ड घ्यायचं का?

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत वेगळीच मागणी आली. एका ताईंना अंतर्गत कर्जातून ४,००० रुपये हवे होते. त्यांचा मुलगा हॉकी खेळतो. त्याला मोबाईलवर एका निवृत्त खेळाडूच्या सहीचं कार्ड दिसलं आणि विकणाऱ्यानं सांगितलं, पुढं दुप्पट भाव येईल. काही जणी हसल्या. पण बाई पैसे मागते म्हणजे तिला नीट उत्तर मिळालं पाहिजे.

कार्ड म्हणजे पुढं खेळाडूचा फोटो, मागं त्याची माहिती. ही हौस मूळची कॅनडा-अमेरिकेची. तिथली हॉकीही बर्फावरची. शंभर वर्षांपूर्वी अशी कार्डं सिगारेटच्या पाकिटातून यायची, नंतर च्युइंगगमसोबत येऊ लागली. आपल्याकडं बबलगमसोबत क्रिकेटवाल्यांची चित्रं मिळायची, तुमच्यापैकी कितीतरी जणींनी जमवली असतील. आपल्या मैदानी हॉकीच्या वाट्याला हे फारसं आलंच नाही. म्हणून "जुनं, दुर्मिळ भारतीय हॉकी कार्ड" असं कोणी म्हटलं की आधी थांबायचं. मेजर ध्यानचंद १९७९ साली वारले. त्यांची सही कोणी स्वस्तात देत असेल तर ती खरी कशी असेल, तुम्हीच सांगा.

आता सही पाहायची कशी? भिंग घ्या. छापील सही बारीक ठिपक्यांची दिसते. पेनाची रेघ सलग असते, कुठं जाड कुठं बारीक. कार्ड उजेडात तिरपं धरलं तर बरेचदा शाईची वेगळी चमक दिसते. दोन कार्डांवरच्या सह्या तंतोतंत सारख्या असतील तर त्या छापलेल्या किंवा शिक्क्याच्या, कारण आपण रजिस्टरवर दोनदा सही केली तरी थोडी बदलतेच. मात्र कोणी हातानंच खोटी सही केली असेल तर भिंगात कळत नाही. सोबतचं प्रमाणपत्रही विकणाऱ्यानं स्वतःच छापलेलं असू शकतं.

गटानं कर्ज दिलं नाही, आणि माझंही मत तेच होतं. गटाचा पैसा शेळीला, शिलाई मशीनला, दवाखान्याला. भाव येईल या भरवशावर नाही. पण पोराची हौस कशाला मोडायची? सही विकत घेण्यापेक्षा मागून घ्यावी. नागपुरात विदर्भ हॉकी असोसिएशनच्या मैदानावर सामने होतात, तिथं वही घेऊन जाता येतं.

आणि सही कोणाची, हाही प्रश्न आहे. खडकीचे धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळले, त्यांचं नाव पोरांना ठाऊक असतं. पुण्याच्या एलिझा नेल्सन किती जणींना माहीत आहेत? १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं, १९८३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी १९८० साली मॉस्कोला बायकांची हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली आणि भारत चौथा आला. पुढं आपल्या मुलींना ऑलिंपिक दिसलं ते थेट २०१६ ला, ३६ वर्षांनी! गावात हॉकी खेळणारी पोरगी असेल तर तिच्या वहीत या बायांची नावं आधी यावीत.

कार्ड घरीच करा. जाड पांढरा पुठ्ठा पोस्टकार्डाएवढा कापा, वर वर्तमानपत्रातला फोटो चिकटवा, खाली सहीला जागा सोडा. सही झाल्यावर लॅमिनेशन करू नका. मार्कशीटला करतो तसं इथं केलं की उष्णतेनं शाई पसरू शकते, आणि ते प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही. कोऱ्या पांढऱ्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा, ऊन आणि ओल लागू देऊ नका.

खेळाडू दूर असेल तर त्यांच्या संघटनेच्या पत्त्यावर पत्र पाठवा. त्यात कार्ड, आणि आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं दुसरं पाकीट. पत्र चार ओळींचं, मुलानं किंवा मुलीनं स्वतः लिहिलेलं. उत्तराला महिने लागतात, कधी येतही नाही. आलं तर मागं पेन्सिलीनं तारीख तेवढी टाकून ठेवा.