बोटीचं तिकीट, विमानाचं कर्ज

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि शिवाय दरवर्षी एक मोठी नमुना पाहणी होते. त्या पाहणीत घरटी एक प्रश्न असतो: तुमचे पूर्वज मूळचे कुठले? आयरिश, पोलिश, चिनी, जे वाटेल ते लिहावं. या उत्तरांशेजारी कुटुंबाचं उत्पन्न मांडलं, की कुठल्या देशाहून आलेल्यांचे वंशज किती कमावतात याची एक उतरंड तयार होते. आपल्याकडे या यादीची बातमी मोठ्या हौसेने छापली जाते, कारण भारतीय तिच्यात अगदी वर असतात. प्यू या संशोधन संस्थेने दिलेल्या २०१९ सालच्या आकड्यांत भारतीय कुटुंबाचं मध्यम उत्पन्न वर्षाला १,१९,००० डॉलर होतं. मध्यम म्हणजे सगळी कुटुंबं उत्पन्नाच्या क्रमाने रांगेत उभी केली, तर बरोबर मधोमध जे उभं राहील त्याचं उत्पन्न. साऱ्या अमेरिकेसाठी हा आकडा ६१,८०० होता. आणि नेपाळ्यांसाठी ५५,०००.

त्याच देशात स्लोव्हाक वंशाची मंडळी आहेत. स्लोव्हाकिया हा मध्य युरोपातला डोंगराळ देश, वस्ती जेमतेम पंचावन्न लाख. नेपाळसारखाच त्यालाही समुद्र नाही. अमेरिकेतली स्लोव्हाक वंशाची कुटुंबं मात्र देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या वर, सुखवस्तू म्हणावीत अशा जागी आहेत. असे दोन आकडे शेजारी वाचले की आपल्या मनात निकाल तयार होतो. हे कष्टाळू, ते मागासलेले. यांना शिक्षणाची ओढ, त्यांना नाही.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. अर्जदाराने उत्पन्नाचा दाखला पुढे ठेवला की आमचा पुढचा प्रश्न ठरलेला असे: धंदा किती वर्षांचा? दोन वर्षांच्या दुकानाची आणि तीन पिढ्यांच्या पेढीची एका सालाची विक्री शेजारी ठेवून कोणी शहाणा अधिकारी मत बनवत नसे. तोच प्रश्न या यादीला विचारून पाहावा असं मला वाटलं.

स्लोव्हाक अमेरिकेत आले ते मुख्यतः १८८० ते १९१४ या काळात. तेव्हा स्लोव्हाकिया नावाचा देश नव्हता. तो हंगेरीच्या राज्याचा उत्तरेकडचा भाग होता. जमिनीचे तुकडे पडत गेलेले, शाळांतून हंगेरियन भाषेची सक्ती, आणि पूर्वेकडच्या शारिश, स्पिश, झेम्प्लिन या भागांत पोट भरण्याची मारामार. अमेरिकेतला भाऊ किंवा मेहुणा बोटीचं तिकीट पाठवी. त्या तिकिटाला स्लोव्हाक भाषेत ‘शिफकार्टा’ म्हणत. फुकट नव्हे, पोहोचल्यावर मजुरीतून ते फेडायचं.

पोहोचायचं कुठे, तर पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीत किंवा पिट्सबर्गच्या आसपासच्या पोलादाच्या भट्ट्यांवर. ब्रॅडॉक, होमस्टेड, जॉन्सटाउन ही गावं त्यांनी भरून गेली. भट्टीवर पाळी बारा तासांची. दिवसपाळी आणि रात्रपाळी यांची अदलाबदल व्हायची तेव्हा सलग चोवीस तास उभं राहावं लागे. बारा तासांची ही पाळी १९२३ साली बंद झाली. तोवर एक सबंध पिढी भट्टीपुढे भाजून निघाली होती. घरी बायको भाडेकरू मजूर ठेवी. त्यांचा स्वयंपाक, त्यांचे कोळशाने माखलेले कपडे सारं तिच्याकडे. एकाच अंथरुणावर दिवसा रात्रपाळीवाला आणि रात्री दिवसपाळीवाला झोपे. अंथरूण गार होत नसे.

लोक त्यांना ‘हंकी’ म्हणत. हंगेरियनवरून आलेली ही शिवी. आपण इमारतीच्या कुठल्याही नेपाळी पहारेकऱ्याला, त्याचं नाव न विचारता, ‘बहादूर’ अशी हाक मारतो, त्याचीच ही जरा कडू बहीण.

१० सप्टेंबर १८९७ रोजी पेनसिल्व्हेनियात लॅटिमर या खाणीच्या गावी संपकऱ्यांचा निःशस्त्र मोर्चा निघाला. त्यात स्लोव्हाक होते, पोलिश होते, लिथुआनियन होते. शेरीफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, १९ जण मेले. खटला चालला आणि पुढच्या वर्षी सगळे आरोपी सुटले.

खाणीत मेलेल्या माणसाच्या घराला काय मिळणार? त्या काळी काहीच नाही. म्हणून या लोकांनी आपापसात वर्गणी काढून मदत-संस्था उभ्या केल्या. श्तेफान फुर्देक नावाच्या पाद्रीने १८९० साली क्लीव्हलंडमध्ये ‘येडनोटा’, म्हणजे एकजूट, ही संस्था काढली. त्याच वर्षी पिट्सबर्गला पेतर रोव्हनियानेक यांनी दुसरी. बायकांना स्वतंत्र आधार हवा म्हणून अन्ना हुर्बान या बाईने १८९२ साली क्लीव्हलंडमध्येच स्त्रियांची संस्था स्थापन केली. महिन्याला थोडी वर्गणी, मृत्यू झाला तर वारसाला ठरावीक रक्कम. आमच्या भाषेत हा शुद्ध विमा. या दोन कॅथलिक संस्था आजही ओहायो राज्यातून विम्याचा व्यवहार करतात. भट्टीवरच्या अशिक्षित बायाबापड्यांनी उभी केलेली वित्तसंस्था शतक उलटून टिकते, हे मला त्या उत्पन्नाच्या यादीपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

आता कल्पना करा, ही यादी १९१० साली केली असती तर? कल्पना करायचीही गरज नाही. १९०७ ते १९११ या काळात अमेरिकी काँग्रेसच्या डिलिंगहॅम आयोगाने नेमकं हेच केलं. कुठल्या ‘वंशा’चा माणूस किती कमावतो, घरात किती भाडेकरू, वाचता येतं का, अशा माहितीचे खंडच्या खंड छापले. स्लोव्हाकांचा त्यात वेगळा रकाना आहे आणि तो तळाकडच्या रकान्यांत आहे. दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारी ही नवी माणसं जुन्यांच्या तोडीची नाहीत, त्यांना आवर घालावा, असा आयोगाचा कल होता. त्यातूनच १९२४ चा कायदा आला आणि साऱ्या चेकोस्लोव्हाकियाच्या वाट्याला वर्षाला तीन हजारांच्या आसपास जागा राहिल्या.

मग ही मंडळी वर आली कशी? त्यांचा स्वभाव बदलला म्हणून नव्हे. १९३५ साली कामगारांना संघटना करण्याचा कायदेशीर हक्क मिळाला आणि १९३७ साली अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीने युनियनला मान्यता दिली. टॉमस बेल या स्लोव्हाक वंशाच्या लेखकाची ‘आउट ऑफ धिस फर्नेस’ ही १९४१ ची कादंबरी याच प्रवासाची आहे. बेल स्वतः ब्रॅडॉकचा. आजोबा चालत चालत पेनसिल्व्हेनियात पोहोचतो, जावई भट्टीच्या स्फोटात मरतो, त्याची विधवा भाडेकरू ठेवून मुलं वाढवते आणि नातू युनियन उभी करतो. कादंबरी लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, तिच्यात मजुरीचे, भाड्याचे, उधारीचे आकडे जागोजाग येतात आणि कुठेही कंटाळा येत नाही. हे साधणं फार अवघड असतं.

युद्धानंतर १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना कॉलेजची फी आणि सरकारी हमीचं घरकर्ज मिळालं. चांगला पगार, निवृत्तिवेतन, घर, मुलांचं शिक्षण. एका पिढीत चार पायऱ्या. त्याच भट्ट्यांवर काम करणाऱ्या काळ्या कामगारांना मात्र या पायऱ्या अशा मिळाल्या नाहीत. पोलाद उद्योगातल्या भेदभावावर न्यायालयातून तोडगा निघायला १९७४ साल उजाडलं. म्हणजे नुसते कष्ट पुरत नाहीत, हे त्याच गावात दिसत होतं. १९७२ च्या डिसेंबरात चंद्रावरून सर्वांत शेवटी पाऊल उचलणारा युजीन सर्नन हा स्लोव्हाक खेडुतांचा नातू. अर्थात सगळे नातू चंद्रावर जात नाहीत. बहुतेक जण शिक्षक, हिशेबनीस, परिचारिका झाले आणि खोऱ्यातून बाहेर पडले. होमस्टेडचा कारखाना १९८६ साली बंद पडला तेव्हा त्याची झळ मागे राहिलेल्यांना बसली.

या यादीतली आणखी एक गंमत. १९९० च्या जनगणनेत सुमारे १९ लाख लोकांनी आपण स्लोव्हाक वंशाचे असल्याचं लिहिलं. २००० साली ते लिहिणारे उरले सुमारे ८ लाख. दहा वर्षांत अकरा लाख माणसं काही मेली नाहीत. फक्त फॉर्मवरचा शब्द बदलला, किंवा रकाना रिकामा राहिला. आजी गेली की तो शब्दही जातो. शिवाय पैसा साठवून गावी परत गेलेले, भट्टीत मेलेले, हे तर या हिशेबात कधी नव्हतेच. उरलेल्यांची बेरीज ही नेहमी जरा अधिक गोंडस दिसते. बुडीत खाती वगळून काढलेल्या ताळेबंदासारखी.

नेपाळी माणसाची गोष्ट अगदी वेगळ्या तारखेला सुरू होते. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागाला अमेरिकेचं दार बंद झालं होतं. ते खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ साली. त्यानंतरही नेपाळी तुरळकच आले. १९९५ पासून अमेरिकेने सोडतीने व्हिसा द्यायला सुरुवात केली आणि देशात १९९६ ते २००६ यादवी चालली, तेव्हा ओघ वाढला. २०१० च्या जनगणनेत नेपाळी होते सुमारे ६० हजार, २०२० साली दोन लाखांच्या वर. म्हणजे आज त्या रकान्यात जे आहेत त्यांतले बहुतेक स्वतः विमानातून उतरलेले आहेत. स्लोव्हाक रकान्यात पणतू आहेत, नेपाळी रकान्यात पणजोबा.

शिवाय हा एक रकाना मुळात एक नाहीच. सोडतीच्या व्हिसाला बारावीइतकं शिक्षण किंवा कुशल कामाचा अनुभव लागतो. विद्यार्थी म्हणून येणारे त्याहून शिकलेले. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये आणि टेक्सासात डॅलसच्या आसपास यांची वस्ती आहे. दुकानं, पेट्रोल पंप, हॉटेलं, हळूहळू संगणकाच्या नोकऱ्या. पैशाची गरज पडली तर नेपाळात ‘ढुकुटी’ची रीत आहे: ओळखीच्यांनी दरमहा ठरावीक रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकेकाने उचलायची. आपली भिशीच ती. जामीन नाही, तारण नाही, शब्द मोडला तर तोंड दाखवायला जागा नाही. बँकवाल्यांनी हेवा करावा अशी वसुली.

दुसरे आहेत भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळीभाषक. १९९० च्या सुमारास त्यांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. भूतान आणि नेपाळ यांची हद्द एकमेकींना लागत नाही, मधे आपला भारत आहे; आपल्या भूमीतून ही माणसं नेपाळात पोहोचली आणि झापा, मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत एक लाखाहून अधिक जण सतरा-अठरा वर्षं बांबूच्या झोपड्यांत राहिले. नोकरीची परवानगी नाही, जमीन नाही. २००७ पासून त्यांना आठ देशांनी घेतलं. त्यांतले ऐंशी हजारांहून अधिक अमेरिकेत गेले. काही जण फॉर्मवर नेपाळी लिहितात, काही भूतानी. छावणीत म्हातारा झालेला, सही न येणारा शेतकरी आणि टेक्सासात संगणकशास्त्र शिकलेला काठमांडूचा मुलगा यांची रांग एकच.

या निर्वासितांच्या बाबतीत एक गोष्ट वाचली तेव्हा माझ्यातला जुना अधिकारी ताठ बसला. त्यांना अमेरिकेला नेणाऱ्या विमानाचं भाडं आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना देते, पण ते कर्ज असतं. बिनव्याजी, तरी कर्जच. उतरल्यावर काही महिन्यांत हप्ते सुरू होतात. म्हणजे ज्या देशाची भाषा येत नाही, तिथे पहिल्या दिवशी माणसाच्या नावावर खातं उघडतं ते कर्जाचं. हप्ते नीट भरले तर त्याची पत तयार होते. शंभर वर्षांनी शिफकार्टा परत आली.

आणि ती आली कुठे? पिट्सबर्ग, स्क्रँटन, ईरी, अ‍ॅक्रन, कोलंबस. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो. यांतल्या कित्येक गावांत स्लोव्हाकांच्या मागच्या पिढ्या राबल्या. यात योगायोग थोडा आणि अर्थशास्त्र जास्त. पिट्सबर्ग शहराची वस्ती १९५० साली ६ लाख ७७ हजार होती, २०२० साली ३ लाख ३ हजार. माणसं गेली, घरं राहिली, भाडी उतरली. पोलाद कामगारांच्या काळात वाढलेल्या दक्षिणेकडच्या उपनगरांत आता नेपाळी किराणा दुकानं आहेत आणि मोमो मिळतात.

भट्टी मात्र नाही. हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. भट्टी माणूस खात होती हे खरं, पण तिच्याभोवती हजारो माणसं एका फाटकातून आत जात आणि म्हणून एक दिवस एकत्र अडून बसू शकली. गोदामात माल भरणारा, हॉटेलात खोल्या आवरणारी, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी नेपाळी माणसं वेगवेगळ्या दारांतून कामाला जातात. घरात कमावते तीन असतात, खाणारे सहा. म्हणून ते ५५,००० डॉलरही माणशी वाटले की आणखी पातळ होतात. पुढच्या पिढीला वर नेणारी शिडी बहुधा कॉलेजची असेल. युनियन आणि सरकारी हमीच्या घरकर्जाची जुनी शिडी आता त्या जागी नाही.

शिवाय कागदाचा प्रश्न. २०१५ च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या काही हजार नेपाळ्यांना तात्पुरत्या संरक्षणाखाली राहायची मुभा मिळाली होती. २०२५ मध्ये ती काढून घेण्याचा निर्णय झाला आणि वाद न्यायालयात गेला. त्याच वर्षी मार्चपासून भूतानी निर्वासितांपैकी काहींना, जुन्या गुन्ह्यांची कारणं देऊन, अमेरिकेने विमानाने भूतानला पाठवलं. भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही, भारताच्या सीमेकडे रवाना केलं. त्यांतले काही नेपाळात शिरताना पकडले गेले, काही झापाच्या जुन्या छावणीत पोहोचले. पस्तीस वर्षांपूर्वीचाच रस्ता.

दरम्यान पिट्सबर्गच्या त्या उपनगरांत नेपाळीभाषक कुटुंबं घरं विकत घेत आहेत. अमेरिकेत घरकर्जाची मुदत साधारण तीस वर्षांची असते. २०१८ साली घेतलेल्या घराचा शेवटचा हप्ता २०४८ साली जाईल. दोन रकाने शेजारी ठेवायचेच असतील, तर त्या सुमाराला ठेवून पाहावेत.