'पाउंड' : एक रूप, तीन शब्द

इंग्रजीतील 'पाउंड' या रूपाचे तीन अर्थ प्रचलित आहेत : वजनाचे व चलनाचे परिमाण, मोकाट गुरांचा कोंडवाडा आणि कुटण्याची क्रिया. हे सर्व एकाच शब्दाचे अर्थविस्तार असावेत, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक होय. शब्देतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

परिमाणवाचक 'पाउंड' मूळचा लॅटिन. 'लिब्रा पोंडो' म्हणजे 'वजनाने एक लिब्रा'. यातील 'पोंडो' हे पद जर्मानिक भाषांनी फार पूर्वी स्वीकारले व प्राचीन इंग्रजीत त्याचे 'पुंड' झाले. 'लिब्रा' हे पद 'एलबी' या वजनाच्या संक्षेपात आणि चलनाच्या चिन्हात अवशिष्ट राहिले. एक पाउंड चांदीचे २४० पेनी हा हिशेब मध्ययुगीन होय. पुढे नाण्यातील चांदी घटली, तरी हे प्रमाण १९७१ पर्यंत टिकले. वजन आणि चलन हे अर्थ वरवर दूरचे दिसले, तरी शब्द एकच.

कोंडवाडावाचक 'पाउंड' प्राचीन इंग्रजीतील सामासिक शब्दांत आढळतो. त्याचा लॅटिन परिमाणाशी संबंध नाही. उलट, तळे या अर्थाचा 'पाँड' हा त्याचाच रूपभेद आहे. गुरे काय किंवा पाणी काय, अडवून ठेवण्याची कल्पना दोहोंत समान आहे.

कुटणे या अर्थाचे क्रियापद 'पूनिअन' या प्राचीन धातुरूपापासून आले. त्याच्या अंती मुळात 'ड' नव्हता. तो मागाहून जोडला गेला. ध्वनिवाचक 'साउंड' शब्दातील 'ड' असाच आगंतुक आहे; लॅटिन 'सोनुस'मध्ये तो नाही. अशा रीतीने केवळ ध्वनिपरिवर्तनामुळे तीन शब्द एका रूपात येऊन मिळाले.

मराठीतही हा प्रकार अपरिचित नाही. कार्यवाचक 'काम' संस्कृत 'कर्मन्'पासून प्राकृत 'कम्म'द्वारा आले, तर इच्छावाचक 'काम' हा तत्सम शब्द आहे.

कोशरचनेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो. व्युत्पत्तिनिष्ठ कोशात एका शब्दाचे अनेक अर्थ एकाच नोंदीखाली येतात. भिन्नमूल शब्दांना स्वतंत्र नोंदी द्याव्या लागतात. हा निर्णय अर्थांच्या जवळिकीवरून किंवा दुराव्यावरून करता येत नाही. वजन आणि चलन एका नोंदीत येतात, 'पाउंड' आणि 'पाँड' रूपे भिन्न असूनही सगोत्र ठरतात. जुनी रूपे आणि ध्वनिपरिवर्तनाचे नियम हाच येथे विश्वसनीय आधार होय.