उपाशी गुरांस दाणा कां घालूं नये

छावणीस मदत करणारे कित्येक सद्गृहस्थ ज्वारीचीं पोतीं व गुळाच्या ढेपा पाठवितात. कोणी सणावारीं कणकेचे उंडे घेऊन स्वतः येतात. हेतु स्तुत्य आहे. तथापि दोन दिवस उपाशी राहिलेल्या जनावरास असें दान प्राणघातक होऊं शकतें, म्हणून त्याचें कारण दात्यांच्या कानीं घालणें आम्हांस अवश्य वाटतें.

गाईबैलांच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे चारा आंबविण्याचें मोठें पिंपच होय. त्यांतील सूक्ष्म जंतु वैरणीचें अन्न करितात. चारा तुटला कीं हे जंतु घटतात व उरलेल्यांचा मेळ बिघडतो. अशा पोटांत एकदम पुष्कळ दाणा पडल्यास त्याचें झपाट्यानें आम्ल बनतें. जनावर रवंथ करीनासें होतें, झिंगल्यासारखें होऊन बसतें, आणि कधीं कधीं पुन्हा उठत नाहीं.

उपासानें खाण्याची रीतिही पालटते. एरवीं आपला खिलार बैल हुंगून, निवडून खातो. भुकेला असतां मोठमोठे घास अर्धवट चावून गिळतो, आणि नेहमीं टाळीत असे ती घाणेरीही ओरबाडतो. पावसाअभावीं खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीचें तर विशेष भय. तींत सायनाइड उत्पन्न करणारें द्रव्य असतें. पोट भरलेलें जनावर तींत तोंड घालून कदाचित् वांचतें; उपाशी जनावर अधाशासारखें खाऊन थोडक्या वेळांत आडवें होतें. यासच शेतकरी किरळ लागणें म्हणतात. (शेजाऱ्यानें विष घातलें असा संशय घेऊन धनी वकिलाकडे धांवतो, त्यांतले कांहीं प्रकार हेच असावेत.)

माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांतील गुरांनीं इ. स. २०१२-१३ व २०१९ सालीं छावण्यांत दिवस काढले. ऊस व उसाचे वाढे हाच तेथें मोठा आधार होता. परंतु वाढ्यांतील ऑक्झलेट अंगांतील कॅल्शियम बांधून टाकतें. म्हणून त्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी व सोबत कडबा द्यावा.

नव्यानें आलेल्या उपाशी गुरास प्रथम पाणी व कडब्याची कुट्टी थोडी थोडी, अनेक वेळां द्यावी. पेंड व दाणा पुढें दहा-पंधरा दिवसांत क्रमानें वाढवावा.

यास्तव आमची व्यापारी व जमीनदार मंडळीस विनंति कीं, धान्याऐवजीं तेवढ्याच किंमतीचा कडबा द्यावा, आणि तो गुरें येण्यापूर्वींच छावणींत पोंचवावा. ज्यांनीं ज्वारी आधींच बाजूस काढली असेल त्यांनीं ती अवश्य पाठवावी. ती आम्हीं गुरांच्या धन्यांस शिध्यादाखल वांटूं.